आईच्या जागेवर स्कोव्हिया

बुसांजे, मसाका
९ फेब्रुवारी १९९७

स्कोव्हिया,

मयताला आलीस, शेवटच्या मटोकेच्या पंगतीपर्यंत थांबलीस आणि कंपालाला कॉलेजात परत गेलीस. तुझं बरं आहे. माझ्याकडे अजून माणसं येताहेत. आईला जाऊन तीन आठवडे झाले, तरी रोज कोणीतरी पडवीतल्या चटईवर बसतं आणि माझी आई कशी होती ते मलाच सांगतं. जणू मी तिला कधी भेटलेच नव्हते.

काल तिघीजणी आल्या. एक म्हणाली, माझी सहाही मुलं स्पेसिओझाच्या हातांवर जन्मली. दुसरी म्हणाली, माझा मुलगा त्या रोगानं सुकून काटकी झाला तेव्हा सख्ख्या बहिणी दारातून परत फिरल्या, पण स्पेसिओझानं त्याला आंघोळ घातली. तिसरी नुसतीच रडली. सगळं खरं आहे, एक अक्षर खोटं नाही. फक्त त्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून कोणी आणलं, ते कोणी विचारत नाही. आईनं पुण्य करायचं आणि भांडी मी घासायची, असा या घरात बारा वर्षं रिवाज होता. त्या रोगात आईबाप गेलेली सहा पोरं तिनं घरात आणून ठेवली. ती गेली. पोरं माझ्या चुलीपाशी बसली आहेत.

आणि आमच्या वाट्याला काय? आमचं, म्हणजे बापाकडचं, देवक टोळ. नोव्हेंबरात टोळांचा हंगाम आला की आई मिशनच्या ओट्यावर कढई ठेवायची आणि तळलेले टोळ गावभरच्या पोरांना वाटायची. आम्हाला देवक खायची बंदी. आम्ही लांब उभे राहून वास घ्यायचो.

आता कामाचं. मामानं, म्हणजे तुझ्या बापानं, जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की मरायच्या आधी आईनं वारस म्हणून तुझं नाव घेतलंय. बाईची वारस तिच्या माहेरच्या कुळातलीच लागते, हे मला कोणी शिकवायला नको. मी बापाच्या कुळातली, ती जागा मला मिळणार नव्हतीच. पण तुमच्या कुळात बायकांचा दुष्काळ पडलाय का? साठीची रोझारिया मावशी आहे, तिला बसवा. तुला अजून तेवीसही पुरी नाहीत. तुझ्या खांद्यावर वल्कल बांधलं, हातात सुरी आणि टोपली दिली, की तू माझी आई. मग मी त्रेचाळीस वर्षांची बाई तुझ्यापुढे गुडघे टेकून "आई, बरी आहेस ना?" विचारणार. ते माझ्याच्यानं होणार नाही.

नाही म्हणून सांग. परीक्षेचं कारण दे, नाहीतर दुसरं शोध. तू काही कुक्कुलं बाळ नाहीस.

लिओकाडिया


कंपाला
२२ फेब्रुवारी १९९७

लिओकाडियाताईस गुडघे टेकून नमस्कार.

तुझं पत्र मसाक्याच्या टॅक्सीवाल्यानं आणून दिलं. त्यानं वाटेत फोडून वाचलं असावं, कारण हातात देताना म्हणाला, "काय बाई, एवढ्या लवकर आई?" मी लाजेनं अर्धी झाले.

ताई, देवाशपथ सांगते, मी हे मागितलेलं नाही. खोलीतल्या मैत्रिणीला कळल्यापासून ती मला "आजीबाई, कवळी सापडली का?" म्हणून छळते आहे. मला मटोकेची सालंसुद्धा धड काढता येत नाहीत. आमची आई म्हणते, तुझ्या हातून केळं कमी आणि साल जास्त निघतं. ती सुरी माझ्या हातात देऊन काय होणार?

आत्यानं माझंच नाव का घेतलं, कळत नाही. तिच्या भावांच्या आम्ही नऊ मुली. हां, पण माझ्या वाढदिवसाला, बारा जूनला, ती दर वर्षी आमच्याकडे यायचीच. कोंबडी घेऊन यायची, माझ्या डोक्यावर हात ठेवायची आणि तो बराच वेळ काढायची नाही. बाबा म्हणायचे, "तिच्या हातांवर जन्मलीस ना, म्हणून जीव आहे तिचा." मलाही ती फार आवडायची. मयताला मी फार रडले, तू बघितलंस. तुझ्यापुढे जास्त रडले की काय, असं मागून वाटलं.

इस्टरला घरी जाईन तेव्हा बाबांना नाही म्हणून सांगते. तू रागावू नकोस.

तुझी बहीण
स्कोव्हिया


बुसांजे
८ मार्च १९९७

स्कोव्हिया,

बारा जूनला आई सकाळीच कोंबडी बगलेत मारून निघायची. मला सांगायची, "एक बाई आजारी आहे, बघून येते." तू आजारी होतीस होय! मला आज कळतंय.

मग ऐक, बारा जून माझ्या घरी काय असतो ते. १९७४ साल. मी वीस वर्षांची, सासरी, क्योटेराच्या बाजूला. पहिलटकरीण. आईनं बजावून ठेवलं होतं, "कळा सुरू झाल्या की निरोप धाड, असेन तिथून निघते." सकाळी उन्हं वर आली तेव्हा कळा लागल्या. आई तेव्हा तुमच्याकडे होती, तुझ्या आईच्या बाळंतपणाला. माझा दीर सायकल हाणत तुमच्या आवारात पोचला आणि तिथे बसलेल्या बायकांना त्यानं निरोप दिला. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं शिरायचं नसतं. निरोप देऊन तो परत आला, मला म्हणाला, "येतीलच आता."

मूल पायाळू होतं. माझ्या सासूला माळ जपण्यापलीकडे काही येत नव्हतं. मी दाराकडे बघत राहिले, दुपारभर. उन्हं उतरली तेव्हा मुलगा झाला. तो रडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला केळीच्या बागेत पुरलं.

आई तिसऱ्या दिवशी आली. म्हणाली, "तुझी मामी अडली होती. तुझा निरोप कोणी आत आणलाच नाही गं." मला आंघोळ घातली, पोट बांधलं, दोन दिवस राहिली, आणि कोणाच्या तरी कळा सुरू झाल्या म्हणून गेली. पोराबद्दल एक शब्द बोलली नाही, ना त्या दिवशी ना पुढे कधी. मला दुसरं मूल झालं नाही. नवऱ्यानं दुसरी आणली. मी तुझ्या आत्याच्या घरी परत आले आणि तिच्या हाताखाली जगभराची पोरं धुवत बसले. दीर एकोणऐंशीच्या लढाईत गेला, त्याला नीट विचारायचंही राहून गेलं.

निरोप आत पोचला नाही. त्या एका वाक्यावर मी तिच्या घरात बारा वर्षं काढली. तू अडलीस म्हणून माझा गेला. तू जगलीस. जग की, मी काही तुझा गळा धरत नाही. पण तुला आई म्हण असं मला सांगायला माणसाचं काळीज कशाचं लागतं?

लिओकाडिया


मितोंडो
२० एप्रिल १९९७

लिओकाडियाताईस,

सहा आठवडे लिहिलं नाही. लिहायला बसायचे आणि माझी जन्मतारीख डोळ्यांपुढे यायची. मला हे कोणीच कधी सांगितलं नव्हतं. मी आईबाबांना काही बोलले नाही, धीर झाला नाही.

इस्टरच्या जेवणानंतर बाबांना सांगितलं, मी वारस होणार नाही. ते आधी हसले. मग ताट बाजूला सारून म्हणाले, "तुला कोणी विचारलंय? मेलेल्या बाईनं नाव घेतलं, विषय संपला."

मी म्हटलं, "ताईला नको आहे."

"ताईला आई हवी की नको?"

"तिला माझी आई नको आहे, म्हणजे मी आई नको आहे."

"मग कोणीच नको? बाई बिनवारस ठेवायची? मरण उंबऱ्यात बसून राहील. त्या घरात कोणाचं चांगलं होणार नाही. चारशे बाळंतपणं केली माझ्या बहिणीनं, आणि तिची जागा कुत्र्यामांजरांनी बसायला मोकळी ठेवू?" आणि मग बाबा रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, मयतालासुद्धा नाही.

मी हो म्हटलं, ताई. मला क्षमा कर. विधी सव्वीस जुलैला, शनिवारी, तुमच्या अंगणात आहे. तू ये एवढंच मागते. मला काही म्हणू नकोस, नुसती ये.

स्कोव्हिया


बुसांजे
१ जून १९९७

स्कोव्हिया,

पत्र मिळालं. अंगण सारवून ठेवीन, पाण्याची पिंपं भरून ठेवीन, मटोके सोलायला बायका बोलावीन, कारण हे सगळं नाहीतरी मीच करते. पण वल्कल बांधायच्या वेळी मी तिथे नसेन. गावाला सांग, लिओकाडियाचं डोकं दुखतंय. गाव विश्वास ठेवील. गावाला माझ्याकडे नीट बघायची सवय नाही.

लिओकाडिया


कंपाला
१ ऑगस्ट १९९७

लिओकाडियाताईस,

झालं. तू बागेच्या कडेला केळीच्या आड उभी होतीस, मी पाहिलं. तुझा पिवळा गोमेसी झगा केळीच्या पानांमध्ये लपत नाही.

वल्कल जाड होतं, खांद्याला टोचत होतं. कुळातल्या चुलतआजोबांनी माझ्या हातात सुरी दिली, टोपली दिली आणि म्हणाले, "ही स्पेसिओझा. हिच्या घरी आलेल्याला ही जेवू घालील, हिच्या लेकरांना ही बघील." मग एकेक जण पुढे आला. ताई, ऐंशी वर्षांची म्हातारी माझ्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, "आलीस बाई परत! माझा पाय बघ ना, पावसाळ्यापासून सुजलाय." मी काय बघणार? मी भूमितीचं शिक्षण घेते! पण तिनं पाय पुढे केलाच. तिच्यामागे रांग लागली. कोणाला सुनेची तक्रार सांगायची होती, कोणाला पोराला मिशनच्या शाळेत घालायचं होतं. ऊन डोक्यावर आलं, मला पाणी द्यायचंही कोणाला सुचलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आत्या दमत असेल. आणि दुसरं असं वाटलं की हे लोक कधी संपतच नाहीत, यांच्यातून उठून जायचं तर मुद्दाम उठावं लागतं.

तुझी सहा पोरं शेवटी आली. धाकटीनं मला आजी म्हटलं आणि माझ्या मांडीवर झोपून गेली.

तू काय म्हणशील ते म्हण. मी ऐकायला बांधलेली आहे आता.

स्कोव्हिया


बुसांजे
१७ ऑगस्ट १९९७

आई,

घे. लिहिलं. शाई सुकेपर्यंत त्या शब्दाकडे बघत बसले होते.

मान तुला हवा आहे म्हणून लिहिलं नाही. केळीच्या आड उभी असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आईला मी जे कधी विचारू शकले नाही, ते आता विचारता येईल. ती असताना घरात सतत कोणीतरी असायचं. एकटी सापडली तर दमलेली असायची, आणि दमलेल्या पुण्यवान बाईला लेकीनं जाब कसा विचारायचा? गावानं मलाच दगड मारले असते. आता तू त्या जागेवर बसली आहेस, वल्कल पांघरून, सगळ्यांच्या साक्षीनं. तर उत्तर दे.

बारा जूनला तू का आली नाहीस? मला "निरोप पोचला नाही" हे नको. ते मी तेवीस वर्षं ऐकलं आहे, आणि खरं सांगू, माझा त्यावर कधीच धड विश्वास बसला नाही. आवारात दहा बायका बसल्या होत्या, आणि आपल्याकडच्या दहा बायकांच्या पोटात निरोप राहतो का?

तुला माहीत नसेल तर माहीत करून घे. तेवढी आई तू मला लागतेस.

लिओकाडिया


मितोंडो
२१ सप्टेंबर १९९७

लिओकाडिया,

ताई लिहीत नाही. तू मला आई म्हणून विचारलंस, त्याच जागेवरून उत्तर देते.

मी सुट्टी काढून घरी आले आणि माझ्या जन्मदात्या आईला विचारलं. ती केळी सोलत होती. मी म्हटलं, "माझ्या वेळी तू अडली होतीस ना?"

"अडले? कोणी सांगितलं? तू तर कोंबडा आरवायच्या आत घसरून बाहेर आलीस. उजाडलं तेव्हा मी लापशी पीत होते."

लिओकाडिया, मी दोनदा विचारलं. मी जन्मले होते. तुझ्या कळा सुरू व्हायच्या आधीच जन्मले होते. आत्या माझ्यासाठी थांबली नव्हती.

मग कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा आई सुरी खाली ठेवून म्हणाली, ते सांगता येणार नाही. तिला शपथ घातलेली होती. मी म्हटलं, "शपथ जिनं घातली तिच्या जागेवर मी आहे, मी ती सोडवते." तेव्हा बोलली. स्पेसिओझा आली आहे म्हटल्यावर आमच्या आवारात गाव जमलं होतं, नेहमीसारखं. एकीच्या पोराचा कान फुटला होता, एकीच्या छातीत दूध साकळलं होतं, एकीला नुसतंच रडायचं होतं. तुझ्या दिरानं निरोप दिला तो लगेच आत आला. माझ्या आईनं पडल्या पडल्या तो ऐकला. आत्या त्या पोराच्या कानात तेल घालत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "लिओकाडिया माझ्या पोटची आहे, ती दम धरील. घरच्यांना थांब म्हणता येतं. परक्यांना कसं म्हणायचं?" आणि पुढच्या बाईला बोलावलं. मग दुसरी, मग तिसरी. संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघता निघता कोणीतरी आणखी हाक मारली. तुझी बातमी आली तेव्हा ती ओट्यावर बसून राहिली, आणि रात्र पडायच्या आधी माझ्या आईला शपथ घातली, की निरोप आत आला होता हे कोणाला सांगायचं नाही.

माझ्या मनात आलं होतं, तुला लिहावं, मी खरंच अडले होते. एका जिवासाठी दुसरा गेला असं म्हटलं की सोसता तरी येतं. आत्याचं नावही राहिलं असतं. पण असं खोटं तुला एकदा सांगून झालंय, आणि त्याच तोंडानं.

माझं नाव तिनं का घेतलं, ते तीच जाणे. मला वाटतं, तिला स्वतःला तुझ्यासमोर उभं राहता आलं नाही, म्हणून मला उभं केलं.

तर उभी राहते. पोरी, निरोप पोचला होता. मी आले नाही. मी उठायला हवं होतं, त्या बायकांना थांबा म्हणायला हवं होतं. चुकलं माझं. तुला दम धरायला सांगायचा मला हक्क नव्हता.

आत्या हे कधी म्हणाली असती का, मला माहीत नाही. पण जागा आता माझी आहे आणि मी म्हणते आहे.

तुझी आई
स्कोव्हिया


बुसांजे
५ ऑक्टोबर १९९७

आई,

पत्र पोचलं. तीन दिवस मी चुलीपाशी गेले नाही. पोरांनी स्वतःच चूल पेटवली.

तेवीस वर्षं मी तुझ्या नावानं बोटं मोडली. तू चालायला लागलीस, शाळेत गेलीस, प्रत्येक वेळी वाटायचं, हे माझ्या पोराच्या वाट्याचं आहे. आणि तुझ्यासाठी ती थांबलीच नव्हती. कोणाच्या तरी कानात तेल घालत होती. त्या बाईलासुद्धा ते आठवत नसेल आज. मला राग तरी धड माणसाचा करता यायला हवा होता, तोही तिनं ठेवला नाही.

ज्या तोंडातून "चुकलं" ऐकायला मी म्हातारी झाले ते तोंड मातीत गेलं, आणि ज्या तोंडातून ऐकलं त्याचा काही गुन्हाच नाही. मी तिला क्षमा केलेली नाही. पुढच्या रविवारी चर्चमध्ये तिच्यासाठी खास प्रार्थना आहे, पाद्री म्हणतात मी दोन शब्द बोलावेत. मी म्हटलं, "गावानं बोलावं, गावाची आई होती." ते हसले. त्यांना वाटलं मी विनय दाखवते आहे.

तुला एक काम सांगते. डिसेंबरात सुट्टी लागली की इकडे ये, पण आधी कोणाला कळवू नकोस, नाहीतर सुजलेले पाय घेऊन रांग लागेल. आपण दोघी टॅक्सीनं क्योटेराला जाऊ. माझ्या सवतीला मी निरोप धाडला आहे. ती म्हणाली, या, बागेचा तो कोपरा आम्ही कधी खणलेला नाही.

त्याचं नाव अकिलेओ. नाव सासरच्या कुळानं ठेवायचं असतं, पण मेलेल्याला कोण नाव ठेवणार, म्हणून मीच ठेवलं. आजवर कोणी विचारलं नाही. तिनंही नाही. तू ये आणि त्याच्यापाशी जरा बस. तुझा नातू आहे तो, आई. तुझ्याच वयाचा आहे.

तुझी मुलगी
लिओकाडिया